नवा स्ट्रायकर घ्यायचा तर कोणता? गोलांच्या आकड्यामागचं गणित

२०२५ च्या उन्हाळ्यात लंडनच्या आर्सेनल या फुटबॉल क्लबच्या चाहत्यांमध्ये दोन तट पडले होते, नवा स्ट्रायकर, म्हणजे सर्वांत पुढे राहून गोल करणारा खेळाडू, कोणता घ्यायचा यावरून. एकाला स्पोर्टिंग लिस्बनचा व्हिक्टर ग्योकेरेस हवा होता, दुसऱ्याला आरबी लाइपझिगचा बेंजामिन शेश्को. ग्योकेरेसने नुकत्याच संपलेल्या हंगामात ५२ सामन्यांत ५४ गोल केले होते. शेश्कोचे होते ४५ सामन्यांत २१. आकडे इतके लांब असताना वाद कशाचा, असं फुटबॉल नव्याने बघू लागलेल्या कुणालाही वाटेल. पण वाद खरा होता आणि दोन्ही बाजूंना खेळ कळणारी माणसं होती.

स्ट्रायकर हवा, याबद्दल मात्र कुणाचंच दुमत नव्हतं. २०२४-२५ मध्ये प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सर्वोच्च लीगमध्ये, आर्सेनल सलग तिसऱ्यांदा दुसरा आला. लीगमधले त्यांचे गोल ६९, विजेत्या लिव्हरपूलचे ८६. आर्सेनलकडून लीगमध्ये सर्वांत जास्त गोल केले काय हावर्ट्झने, आणि ते फक्त ९. जानेवारीत गॅब्रिएल जेसूसचा गुडघा गेला, फेब्रुवारीत हावर्ट्झच्या मांडीचा स्नायू फाटला, आणि मग मिकेल मेरिनो या मिडफिल्डरला, म्हणजे मधल्या फळीतल्या खेळाडूला, पुढे उभं करून हंगाम रेटावा लागला.

शेवटी ग्योकेरेस आर्सेनलमध्ये आला आणि शेश्को मँचेस्टर युनायटेडला गेला. त्या वादात जे प्रश्न विचारले गेले ते दर ट्रान्सफर खिडकीत, म्हणजे खेळाडूंच्या खरेदी-विक्रीच्या ठरलेल्या काळात, दर क्लबच्या चाहत्यांना पुन्हा पडतात. म्हणून तेच उदाहरण हाताशी धरून हा सगळा हिशेब उलगडू.

## आधी व्यवहार कसा होतो ते पाहू

आपल्याला सवय आयपीएलच्या लिलावाची. तिथे २०२५ च्या हंगामासाठी प्रत्येक संघाकडे १२० कोटी रुपयांची थैली होती आणि लखनौने ऋषभ पंतवर २७ कोटींची बोली लावली. ते २७ कोटी म्हणजे पंतचं मानधन. आधीच्या संघाला त्यातलं काही जात नाही.

फुटबॉलमध्ये उलट आहे. खेळाडू दुसऱ्या क्लबशी करारबद्ध असतो. तो करार मोडून त्याला सोडावं म्हणून त्या क्लबला जी रक्कम द्यायची ती ट्रान्सफर फी. बातम्यांत दिसतो तो हाच आकडा. खेळाडूचा पगार त्यानंतर वेगळा ठरतो आणि एजंटची दलाली आणखी वेगळी. ट्रान्सफर फीचेही दोन भाग असतात: ठरलेली रक्कम, आणि अमुक सामने खेळला, अमुक गोल केले, क्लब चॅम्पियन्स लीगला (युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेला) पात्र ठरला तर द्यायची वरची रक्कम. ग्योकेरेससाठी साधारण साडेसहा कोटी युरो ठरलेले आणि वर सुमारे १ कोटी. शेश्कोसाठी ७.६५ कोटी आणि वर ८५ लाख. म्हणजे निम्म्याहून कमी गोल करणारा खेळाडू महाग पडला. त्याचं कारण वयात आहे, त्याकडे पुढे येऊ.

किंमत ठरताना दोन गोष्टी फार महत्त्वाच्या. पहिली, कराराची उरलेली वर्षं. करार संपला की खेळाडू फुकट जातो, त्यामुळे शेवटच्या वर्षात विकणाऱ्याचा हात दबलेला असतो. चार वर्षं बाकी असतील तर तो हवी ती किंमत सांगू शकतो. दुसरी, करारातली सुटकेची रक्कम. ती भरली की विकणारा क्लब नाही म्हणूच शकत नाही. २०२२ मध्ये एर्लिंग हालांड डॉर्टमुंडमधून मँचेस्टर सिटीत सुमारे ६ कोटी युरोंत गेला तो याच कलमामुळे. तसं कलम नसतं तर त्या भावात तो कुणालाच मिळाला नसता.

## ५४ गोल म्हणजे नेमके किती?

गोलांच्या एकूण आकड्यातून सगळ्यात आधी पेनल्टी वजा करायच्या. पेनल्टी हे वेगळं कौशल्य आहे आणि ती कोण घेणार हे प्रत्येक क्लबमध्ये आधीच ठरलेलं असतं. शंभरातल्या साधारण ७६ ते ७९ पेनल्ट्यांवर गोल होतोच, मग मारणारा कुणीही असो. ग्योकेरेसच्या गोलांत पेनल्टीचा वाटा बराच होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये मँचेस्टर सिटीविरुद्ध स्पोर्टिंगने ४-१ असा विजय मिळवला, तेव्हा त्याच्या हॅटट्रिकचा खूप गाजावाजा झाला. त्या तीनपैकी दोन गोल पेनल्टीवर होते. आर्सेनलकडे पेनल्टीसाठी बुकायो साका आधीपासून होता. त्यामुळे लिस्बनमधले ते गोल सामानाबरोबर लंडनला येतीलच, अशी खात्री धरता येत नव्हती.

दुसरी पायरी मिनिटांची. समजा एका खेळाडूने १५ गोल केले पण त्यासाठी २७०० मिनिटं मैदानावर होता. दुसऱ्याने १२ गोल केले, फक्त १०८० मिनिटांत. दर ९० मिनिटांमागे पहिल्याचा हिशेब अर्धा गोल, दुसऱ्याचा पूर्ण एक. आता इथेही एक फसगत असते. दुसरा खेळाडू बदली म्हणून शेवटच्या अर्ध्या तासात येत असेल, तर समोरचे बचावपटू दमलेले असतात आणि जागा मोकळ्या झालेल्या असतात. म्हणून हजार-बाराशे मिनिटांवरून काढलेला दर कितीही चांगला दिसला तरी त्यावर सहा कोटी पौंड लावू नयेत.

## अपेक्षित गोल: हा आकडा नेमका काय सांगतो?

यावरून चाहत्यांची सर्वांत जास्त भांडणं होतात, म्हणून इथे जरा थांबू.

प्रत्येक फटका किती सोपा होता याला शून्य ते एकमधला एक भाव द्यायचा. तो काढण्यासाठी त्याच जागेवरून, त्याच कोनातून, पायाने की डोक्याने, समोर किती माणसं असताना, असे पूर्वी मारलेले हजारो फटके तपासतात. त्यांतल्या शंभरात दहा गोल झाले असतील तर त्या फटक्याचा भाव ०.१०. पेनल्टीचा ०.७६ ते ०.७९. पेनल्टी बॉक्सच्या बाहेरून मारलेल्या साध्या फटक्याचा ०.०३ ते ०.०५, म्हणजे पंचवीस-तीस वेळा मारावं तेव्हा एकदा जाळ्यात. हंगामातल्या सगळ्या फटक्यांचे भाव जोडले की खेळाडूचे अपेक्षित गोल मिळतात.

आंब्याच्या व्यापाऱ्याला विचारा, तो मोहर बघून अंदाज बांधतो. एखाद्या वर्षी मोहर भरपूर येतो पण अवकाळी पावसाने गळतो. झाड वाईट आहे असं तो म्हणत नाही. उलट मोहरच विरळ असताना एका वर्षी फळ जास्त टिकलं, तर त्यावर पुढच्या पाच वर्षांचा सौदाही करत नाही. संधी म्हणजे मोहर, गोल म्हणजे फळ.

यात नशीब किती असतं ते साध्या गणिताने दिसतं. एक स्ट्रायकर हंगामात १०० फटके मारतो आणि प्रत्येकाचा सरासरी भाव ०.१२ आहे असं धरा. अपेक्षित गोल १२. पण संभाव्यतेच्या नियमाने त्यात तीन-सव्वातीन गोलांची वरखाली होतेच, तीही त्याच्या कौशल्यात काडीचाही फरक न पडता. म्हणजे तोच खेळाडू एका वर्षी ९ गोल करेल आणि दुसऱ्या वर्षी १५. नऊ केले की टीव्हीवर ‘फॉर्म हरवला’ म्हणतात. पंधरा केले की त्याची किंमत दुप्पट होते.

म्हणूनच संधीपेक्षा जास्त गोल करणारा खेळाडू विकत घेताना सावध राहायचं. डार्विन नुन्येझने २०२१-२२ मध्ये बेनफिकासाठी लीगमध्ये २६ गोल केले. मिळालेल्या संधींच्या मानाने ते बरेच जास्त होते. लिव्हरपूलने साडेसात कोटी युरो मोजले, वर अडीच कोटींपर्यंतच्या अटी. पुढच्या तीन हंगामांत त्याचे लीगमधले गोल ९, ११ आणि ५. तो संधी मात्र सतत मिळवत राहिला. त्याच्यावर रागावलेल्या चाहत्यांनीही हे मान्य करायला हवं.

त्याच क्लबने २०२५ मध्ये उगो एकिटिकेला घेतलं तेव्हा चित्र उलटं होतं. फ्रँकफर्टकडून बुंडेसलिगात, म्हणजे जर्मनीच्या लीगमध्ये, त्याचे गोल १५, आणि अपेक्षित गोल २० च्या पुढे. म्हणजे त्याने संधी वाया घालवल्या. तरीही लिव्हरपूलने सुमारे ६.९ कोटी पौंड दिले, कारण चांगल्या जागी पुन्हापुन्हा पोहोचणं ही गोष्ट वर्षानुवर्षं टिकते. हुकलेले फटके तेवढे टिकत नाहीत, विशेषतः तेवीस वर्षांच्या मुलाच्या बाबतीत.

## ‘दुसऱ्या लीगमधले गोल इथे चालत नाहीत’

हा आक्षेप अर्धा खरा आहे. नेदरलँड्सची लीग घ्या. मातेजा केझमनने पीएसव्हीसाठी २००२-०३ मध्ये लीगमध्ये ३५ गोल केले आणि पुढच्या हंगामात ३१. २००४ मध्ये तो चेल्सीत आला आणि प्रीमियर लीगमध्ये त्याच्या नावावर ४ गोल लागले. आता त्याच लीगमधला लुइस सुआरेझ. २००९-१० मध्ये आयाक्ससाठी ३५ गोल, जानेवारी २०११ मध्ये लिव्हरपूल, आणि २०१३-१४ च्या हंगामात प्रीमियर लीगमध्ये ३१. रूड व्हान निस्टलरॉय तर केझमनच्याच क्लबमधून २००१ मध्ये युनायटेडला आला आणि २१९ सामन्यांत १५० गोल करून गेला.

लीग तीच, मग फरक कुठे पडला? गोल कसे झाले ते बघावं लागतं. कमकुवत लीगमधल्या बलाढ्य संघाच्या स्ट्रायकरला पुष्कळदा असे बचावपटू भेटतात जे त्याच्यापेक्षा हळू असतात. नुसता वेग किंवा नुसती ताकद तिथे पुरते. वर आल्यावर सगळेच वेगवान आणि सगळेच धिप्पाड असतात. सुआरेझकडे अरुंद जागेत चेंडू पायाशी ठेवून वळण्याची हातोटी होती. व्हान निस्टलरॉय फटक्याच्या आधीच्या सेकंदात बचावपटूच्या नजरेआड सरकायचा. या गोष्टी समोरचा कितीही वेगवान असला तरी चालतात.

याची उलटी बाजू गोव्याने बघितली आहे. फेरान कोरोमिनास, म्हणजे आपला कोरो, स्पेनमध्ये एस्पान्योलकडून खेळायचा. २००६ मध्ये शेवटच्या क्षणी गोल करून त्याने क्लबला पहिल्या श्रेणीत टिकवलं, म्हणून तिथे त्याचं नाव आहे, पण ढिगाने गोल करणारा अशी त्याची ख्याती कधीच नव्हती. वयाच्या चौतिसाव्या वर्षी तो एफसी गोवात आला. २०१७-१८ मध्ये १८ गोल, पुढच्या हंगामात १६, दोन्ही वेळा आयएसएलचा (इंडियन सुपर लीगचा) गोल्डन बूट, म्हणजे सर्वाधिक गोलांचा मान. लीगची पातळी वेगळी होतीच. शिवाय प्रशिक्षक सर्जिओ लोबेरांचा तो संघ चेंडू जमिनीवर ठेवून, छोट्या पासांनी पेनल्टी बॉक्समध्ये शिरत होता, आणि कोरोला नेमका तोच खेळ लहानपणापासून येत होता.

## मोकळा महामार्ग आणि दादरची संध्याकाळ

ग्योकेरेस-शेश्को वादाचा गाभा हाच होता. माझ्या मते नवा स्ट्रायकर निवडताना सर्वांत जास्त वेळ याच प्रश्नावर घालवावा: त्याला चेंडू कुठे मिळत होता, आणि आपल्याकडे कुठे मिळेल?

ग्योकेरेसची ताकद मोकळ्या जागेत दिसते. बचावफळीच्या मागे, बहुतेकदा डाव्या बाजूला तो धाव घेतो. पास पुढ्यात पडतो, बचावपटूला खांद्याने बाजूला सारून तो आत वळतो आणि मारतो. यासाठी मागे वीस-पंचवीस मीटर रिकामी जागा लागते आणि पास लगेच यावा लागतो. रात्री अकरानंतरचा महामार्ग आणि दमदार इंजिन, असं ते चित्र.

आर्सेनलविरुद्ध बहुतेक संघ लो ब्लॉक लावतात. म्हणजे आपल्याच पेनल्टी बॉक्सभोवती दहा माणसं दोन ओळींत रचून बसतात आणि मागे धावायला जागाच ठेवत नाहीत. ही झाली संध्याकाळी साडेसहाची दादरची फलाटावरची गर्दी. तिथे इंजिनाचा काय उपयोग? तिथे लागतं ते अंग चोरून फटीत घुसणं, पाठीवर माणूस असताना चेंडू अडवून सहकाऱ्याला देणं, क्रॉस, म्हणजे बाजूने गोलासमोर टाकलेला चेंडू, आला की गोलाच्या पहिल्या खांबाकडे अर्धा मीटर आधी पोहोचणं. १९५ सेंटीमीटर उंचीचा, दोन्ही पायांनी मारणारा आणि उंच उडी घेणारा शेश्को इथे जास्त कामाचा, असं त्याच्या बाजूच्यांचं म्हणणं होतं. ग्योकेरेसच्या बाजूचे म्हणायचे की त्याचं शरीरच असं आहे की दोन बचावपटू त्याच्याकडे खेचले जातात, आणि त्या गडबडीत आर्सेनलच्या साका आणि ओडेगार्डला श्वास घ्यायला जागा मिळते. दोन्ही मुद्द्यांत दम आहे. गोलांच्या यादीत यातला एकही दिसत नाही.

हे न बघता खरेदी केली की काय होतं, त्याचं सर्वांत बोचरं उदाहरण रोमेलू लुकाकू. इंटर मिलानमध्ये तो लाऊतारो मार्टिनेझच्या जोडीने दोन स्ट्रायकरांच्या रचनेत खेळला आणि २०२०-२१ मध्ये लीगमध्ये २४ गोल करून विजेतेपद जिंकला. संघ मागे थांबायचा, चेंडू जिंकला की थेट त्याच्याकडे, आणि पुढे मोकळं रान. ऑगस्ट २०२१ मध्ये चेल्सीने ९.७५ कोटी पौंड देऊन त्याला आणलं आणि एकटं पुढे उभं केलं, अशा संघात जो चेंडू शांतपणे फिरवत वर जायचा. फेब्रुवारी २०२२ मध्ये क्रिस्टल पॅलेसविरुद्ध पूर्ण सामन्यात त्याचा चेंडूला फक्त सात वेळा स्पर्श झाला. त्यातला एक किक-ऑफचा. हंगामात लीगमधले गोल ८, आणि पुढच्या उन्हाळ्यात उसनवारीवर परत इंटरला. त्या माणसाला गोल करता येत नव्हते असं कोण म्हणेल? त्याला आवडतो तो पास त्या संघात कुणी देतच नव्हतं.

## पैशांचा हिशेब: घसारा कळला की बातम्या कळतात

एखाद्या केटररने १० लाखांचा टेम्पो घेतला तर तो सगळा खर्च एकाच वर्षात दाखवत नाही. पाच वर्षं वापरायचा असेल तर वर्षाला दोन लाख घसारा. क्लबही ट्रान्सफर फी अशीच कराराच्या वर्षांवर वाटतो.

समजा फी ६ कोटी पौंड, करार पाच वर्षांचा, पगार आठवड्याला २ लाख पौंड. वर्षाचा घसारा १.२ कोटी. पगार वर्षाला १.०४ कोटी. म्हणजे दर वर्षी हिशेबात २.२४ कोटी, पाच वर्षांत ११.२ कोटी, एजंटची दलाली सोडून. ‘सहा कोटींचा खेळाडू’ खरं तर जवळपास दुपटीला पडतो. फी कमी आणि पगार भरमसाठ असलेला खेळाडू म्हणूनच स्वस्त नसतो.

आता तो चालला नाही तर? तीन वर्षांनी वहीत त्याची उरलेली किंमत २.४ कोटी. ३ कोटींना विकला तर ६० लाख नफा. दीड कोटीच मिळाले तर त्या एका वर्षात ९० लाखांचा तोटा. म्हणून फसलेले खेळाडू पटकन विकले जात नाहीत, उसनवारीवर फिरत राहतात. चाहत्यांना हा हट्टीपणा वाटतो, पण त्यामागे ही वही असते.

करार लांबवला की वर्षाचा घसारा कमी. चेल्सीने साडेआठ वर्षांचे करार देऊन ही पळवाट वापरली, तेव्हा प्रीमियर लीगने डिसेंबर २०२३ मध्ये वाटणीची मर्यादा पाच वर्षांवर आणली. लिव्हरपूलने २०२५ मध्ये अलेक्झांडर इसाकसाठी १२.५ कोटी पौंड देऊन त्याच्याशी सहा वर्षांचा करार केला, तरी घसारा पाच वर्षांतच, वर्षाला अडीच कोटी.

## ‘मालक गर्भश्रीमंत आहे, मग अडचण काय?’

अडचण नियमाची. प्रीमियर लीगमध्ये तीन वर्षांत मिळून जास्तीत जास्त १०.५ कोटी पौंड तोटा चालत असे. तो ओलांडला म्हणून नोव्हेंबर २०२३ मध्ये एव्हर्टनचे १० गुण कापले गेले, अपिलानंतर ते ६ वर आले. मार्च २०२४ मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टचे ४ गेले. २०२६-२७ पासून नियमाची मांडणी बदलली आहे: पगार, घसारा आणि दलाली मिळून संघावरचा खर्च उत्पन्नाच्या ८५ टक्क्यांत बसवायचा. युरोपातल्या स्पर्धा खेळणाऱ्यांना युएफाची (युरोपच्या फुटबॉल महासंघाची) मर्यादा ७० टक्के. मालकाच्या खिशाला यात फारसं स्थान नाही.

## ‘मग अकादमीतला पोरगाच वर आणा ना’

हा प्रश्न मनापासून विचारला जातो आणि त्याचं उत्तर त्रास देणारं आहे. अकादमीतल्या, म्हणजे क्लबने लहानपणापासून स्वतःच घडवलेल्या, खेळाडूसाठी फी दिलेली नसते, म्हणून वहीत त्याची किंमत शून्य. तो विकला की आलेली सगळी रक्कम नफा. त्यामुळे हिशेब जुळवायचा झाला की सगळ्यात आधी घरचाच मुलगा विकला जातो. जून २०२४ च्या शेवटी, हिशेबाचं वर्ष संपताना, न्यूकॅसलने आपल्याच भागात वाढलेला एलियट अँडरसन सुमारे साडेतीन कोटी पौंडांना फॉरेस्टला दिला. त्या शहरातल्या लोकांना ते किती लागलं असेल, हे कोणत्याही गावच्या संघावर जीव लावणाऱ्याला सांगायला नको.

आर्सेनलचीही तीच कथा. फोलारिन बालोगनने उसनवारीवर रांससाठी २०२२-२३ मध्ये फ्रान्सच्या लीगमध्ये २१ गोल केले, आणि त्याच उन्हाळ्यात आर्सेनलने तो मोनॅकोला विकला. २०२४ मध्ये एडी एनकेटियाही क्रिस्टल पॅलेसला गेला. दोघेही अकादमीतले, दोघेही स्ट्रायकर. त्यानंतरच्याच हंगामात मेरिनोला पुढे खेळवायची वेळ आली. वहीच्या दृष्टीने दोन्ही विक्री चोख होत्या. मैदानाच्या दृष्टीने, निदान एकाला तरी ठेवायला हवं होतं असं ठामपणे वाटतं.

## वय: तेविशीचा की सत्ताविशीचा?

ग्योकेरेस सत्तावीस वर्षांचा असताना आला. पाच वर्षांचा करार संपेल तेव्हा तो बत्तिशीत असेल आणि विकून फारसं काही मिळणार नाही. शेश्को बाविशीत गेला. करार संपताना त्याचं वय ग्योकेरेस आला तेव्हाएवढंच. ही पुनर्विक्रीची आशा त्याच्या किमतीत आधीच धरलेली होती.

पण कोवळा खेळाडू घेतला की त्याला जपावंही लागतं. रासमुस होयलुंडने अटलांटासाठी इटलीच्या लीगमध्ये एका हंगामात ९ गोल केले होते. तेवढ्यावर युनायटेडने २०२३ मध्ये ६.४ कोटी पौंड देऊन विशीतल्या त्या मुलाला आणलं आणि पहिल्या दिवसापासून मुख्य स्ट्रायकर केलं. सोबत शिकवायला जाणता स्ट्रायकर नाही, संघच विस्कटलेला. लीगमध्ये पहिल्या हंगामात १० गोल, दुसऱ्यात ४. त्या दुसऱ्या हंगामात अख्ख्या युनायटेडचेच गोल ४४ होते आणि संघ पंधरावा आला. मुलाला दोष देणं सोपं होतं.

जुन्याचं म्हणाल तर हॅरी केन तिसाव्या वर्षी बायर्नला गेला आणि पहिल्याच हंगामात लीगमध्ये ३६ गोल केले. त्याचा खेळ वेगावर उभा नव्हता, म्हणून वयाने त्याचं काही हिरावलं नाही. वेगावर जगणाऱ्या स्ट्रायकरला तिशीत घेताना मात्र दहा वेळा विचार करावा.

## अफवा वाचायची रीत

‘रस आहे’ म्हणजे क्लबच्या यादीत पंधरा नावं आहेत आणि त्यातलं हे एक. ‘बोलणी सुरू’ म्हणजे बहुधा एजंटशी, खेळाडूच्या क्लबशी असेलच असं नाही. ‘खेळाडूशी अटी ठरल्या’ ही बातमी वाटते तेवढी मोठी नसते, कारण विकणाऱ्याने होकार दिलेला नसतो. दोन क्लबांमध्ये रक्कम ठरली आणि वैद्यकीय तपासणीची वेळ मिळाली, की मगच जर्सीवर नाव छापायचा विचार करावा. नव्या कराराच्या तोंडावर असलेल्या खेळाडूचं नाव अचानक पाच क्लबांशी जोडलं गेलं तर ते पगारवाढीसाठी असण्याची शक्यता बरीच असते. २०२४ च्या उन्हाळ्यात शेश्कोच्या नावाची अशीच धामधूम झाली, आणि त्याने लाइपझिगशीच नवा करार केला.

## ‘आकडे राहू द्या, डोळ्यांनी बघून कळत नाही का?’

कळतं, पण गोलांच्या चित्रफिती बघून नाही. त्यांत प्रत्येक फटका जाळ्यात जातो. त्या खेळाडूचे तीन पूर्ण सामने शोधा: एक हरलेला, एक बरोबरीत सुटलेला, आणि एक असा की ज्यात समोरचा संघ खाली बसून खेळला.

पहिली वीस मिनिटं चेंडूकडे बघूच नका, फक्त त्याच्याकडे बघा. चेंडू पलीकडच्या विंगरकडे (कडेने खेळणाऱ्या खेळाडूकडे) असताना तो कुठे उभा आहे? बचावपटूच्या नजरेसमोर की पाठीमागे? क्रॉस यायच्या आधी तो एक पाऊल खोटं टाकतो का? मग त्याचा पहिला स्पर्श बघा, विशेषतः पाठीवर माणूस असताना. चेंडू पायापासून मीटरभर उसळत असेल तर प्रीमियर लीगमध्ये तो त्याला परत मिळणार नाही. चेंडू गेला की पुढची पाच सेकंदं तो काय करतो हेही नोंदवा, कारण बहुतेक मोठे संघ आता स्ट्रायकरकडून तिथूनच बचाव सुरू करून घेतात. सत्तराव्या मिनिटानंतर त्याच धावा तेवढ्याच जोराने येतात का, हे शेवटी.

त्यानंतर कागद घ्या आणि त्याने बचावफळीमागे किती धावा घेतल्या आणि त्यांतल्या किती धावांवर पास आला, ते मोजा. दहातल्या सहांवर पास येत असेल तर त्या संघात असा एक माणूस आहे ज्याची नजर कायम वर असते. मग त्याच कागदावर आपल्या क्लबचा मागच्या आठवड्यातला सामना लावून तेच मोजा. आपल्या स्ट्रायकरने दहा धावा घेतल्या आणि पास दोनदाच आला असेल, तर पुढच्या खिडकीत आधी मिडफिल्डर शोधावा लागेल.